मीच लावलेलं कुलूप

सव्वीस वर्षं मी सरकारी कचेरीत आस्थापना शाखेत काढली. साहेबलोकांचे गोपनीय अहवाल माझ्या कपाटात असायचे. लिफाफा, त्यावर लाख, कपाटाला कुलूप आणि किल्ली माझ्या पर्समध्ये. कोणाला बढती मिळणार, कोणावर ठपका आलाय, हे मला ठाऊक असायचं, पण घरी नवऱ्याजवळही मी कधी अवाक्षर काढलं नाही. तो जाईपर्यंत त्याची ही एक तक्रार राहिलीच. त्यामुळे गोपनीयता मला कोणी शिकवू नये, असं माझं मत होतं.

याच बाईनं निवृत्त झाल्यावर मोबाइलवरच्या त्या निळ्या ॲपमध्ये खातं उघडलं आणि आपलं सगळं चव्हाट्यावर मांडलं. जन्मतारीख, फोन नंबर, नवीन पनवेलमधल्या आमच्या सोसायटीचं नाव, अगदी फ्लॅटचा नंबरही. दोष माझ्या नोकरीचा. अर्जातला एक रकाना रिकामा राहिला की आम्ही अर्ज परत पाठवायचो, मग मी स्वतः रकाना रिकामा कशी सोडणार? ॲपनं विचारलं आणि मी भरत गेले. मागच्या गणपतीत दिराकडे कोकणात जायला निघाले, तेव्हा तर दाराला कुलूप लावतानाचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'आठ दिवस घर बंद.'

गाडी पेणलाही पोचली नव्हती तोवर पुण्याहून भाच्याचा फोन आला. म्हणाला, "मावशी, चोरासाठी ताट वाढून ठेवलंयस की तो येताना डबा आणणार?"

मला मुलंबाळं नाहीत, त्यामुळे रागवायचा हक्क त्यानं लहानपणीच घेऊन टाकलाय. गाडीतच त्यानं फोनवरून मला सेटिंग उघडायला लावलं. तिथे तीन पर्याय असतात, सार्वजनिक, मित्र आणि फक्त मी. नंबर, पत्ता, जन्मतारीख यांना 'फक्त मी' कर, फोटो मित्रांपुरते ठेव, असं तो सांगत होता. मी निम्मंच ऐकलं. चारचौघांत बोलणी बसल्यामुळे माझं डोकं तापलं होतं. एवढी सव्वीस वर्षं लाख लावली, आता हा मला शिकवणार. गोपनीय म्हटलं की अर्धवट कशाला, असं म्हणून जिथे जिथे विचारलं तिथे तिथे मी शेवटचा पर्याय दाबला. आपण फोनवर असलो की नावाशेजारी एक हिरवा ठिपका लागतो, तोही बंद करून टाकला. मी कधी जागी आहे नि कधी झोपलेय, याच्याशी जगाला काय करायचंय?

आता माझ्या मैत्रिणीबद्दल सांगते. कचेरीत तिचं टेबल माझ्या टेबलाला लागून होतं. सव्वीसच्या सव्वीस वर्षं. ती पनवेलजवळच्या आपटा गावची. साहेबांसमोर पुस्तकी बोलायची आणि माझ्याकडे वळली की तिची घरची भाषा सुरू व्हायची. निवृत्त झाल्यावर ती गावच्या घरी राहायला गेली, मी इथे पनवेलला राहिले. आधी दर रविवारी फोन व्हायचा. मग दोघी ॲपवर आलो आणि फोन कमी झाले, कारण तिच्याकडे आज काय शिजलं ते मला फोटोत दिसायचं आणि माझी कुंडीतली जास्वंद तिला. माझ्या प्रत्येक फोटोखाली तिचं काहीतरी असायचंच. "भात करपवलास वाटतं" असंही लिहायची.

गणपतीनंतर तिचं लिहिणं थांबलं. तिचंच नाही, सगळ्यांचंच. नवरात्रात मी नऊ दिवस नऊ साड्या नेसून फोटो टाकले. कोणीही काही म्हटलं नाही. दिवाळीत एकटीपुरता फराळ केला. चकल्या तेलात हसल्या, सुटून तुकडे झाले, तरी फोटो टाकला. निदान मैत्रीण तरी चिडवेल असं वाटलं होतं. संध्याकाळपर्यंत चार-पाच वेळा उघडून पाहिलं. घरात दुसरं माणूस नसलं की असल्या गोष्टी फार लागतात. मला लागली. त्या चकल्या मी सगळ्या वॉचमनला देऊन टाकल्या.

मी मानी आहे, हे मला मान्य आहे. हळदीकुंकवाचा आपला हिशोब साधा असतो. ती आली तर आपण जायचं, ती नाही आली तर आपलीही वाट मोकळी. मी तोच नियम ॲपला लावला. ज्यांनी माझं पाहिलं नाही, त्यांचं मीही पाहणार नाही. म्हणजे पाहायचं, पण पाहिल्याचं कळू द्यायचं नाही. संक्रांतीला तिचा फोन आला, तो मी वाजू दिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. मी पोळपाटावर लाटणं तसंच ठेवून त्या फोनकडे बघत उभी राहिले आणि घेतला नाही. नंतर तो आला नाही.

उन्हाळ्यात तिनं एक फोटो टाकला. पलंगावर बसलेली, गुडघ्याला मोठी पट्टी. खाली लिहिलं होतं, 'ऑपरेशन झालं. घरी आले.' साठ-सत्तर लोकांनी खाली चौकशी केली होती. मी ती सगळी वाचली. माझंही बोट तिथे गेलं होतं. पण माझ्या चकल्यांना हिनं काय म्हटलं, असं मनात आलं आणि मी फोटो वर सरकवला. हे लिहिताना मला माझी लाज वाटते.

परवा भाचा कामासाठी पनवेलला आला आणि माझ्याकडे जेवायला थांबला. जेवताना म्हणाला, "मावशी, तू ॲप सोडलंस ते बरं केलंस."

"सोडलं कुठे? कालच अळूवड्या टाकल्या."

त्यानं त्याचा फोन दाखवला. माझ्या नावाखाली नुसता माझा चेहरा, बाकी काही नाही. मग माझा फोन घेतला. नऊ साड्या, चकल्या, जास्वंद, अळूवड्या, सगळं जागच्या जागी. प्रत्येकाच्या वर कोपऱ्यात एक बारीकसं कुलूप. ते मला रोज दिसायचं. मला वाटायचं, हे सुरक्षित असल्याची खूण आहे.

"हे सगळं 'फक्त मी'वर आहे," तो म्हणाला. "दहा महिने तू एकटीच बघतेयस."

त्याला हसू येत होतं. मग माझा चेहरा बघून त्यानं ते आवरलं आणि आमटी वाढून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी धरून मी आपट्याला गेले. ती ओटीवर खुर्चीत बसली होती, काठी भिंतीला टेकवलेली. मला पाहून उठायला लागली, मी उठू दिलं नाही. तिच्या सुनेनं पाणी आणून दिलं आणि आत गेली. मी सरळ फोन काढून तिच्या हातात दिला आणि कुलपाची सगळी हकिगत सांगितली. फोन का घेतले नाहीत, तेही सांगितलं. पट्टीचा फोटो पाहून पुढे गेले, हेही सांगितलं. ती एकेक फोटो सरकवत होती. चकल्यांपाशी थांबली.

"मोहन जास्त झालं," म्हणाली.

मग फोन माझ्या हातात परत दिला. मला वाटलं, आता काही खरं नाही.

"मला वाटलं तू मला काढून टाकलंस," ती म्हणाली. "फोटो नाय, ठिपका नाय. आधी मी रोज तो हिरवा ठिपका बघायची. लागला की म्हणायची, उठली बाई. तो पण गेला. फोन केला तर घेत नाय. मग वाटलं, एकटी असतेस तू. पडलीबिडली असशील तर कोनाला कळनार हाय?"

"मग?"

"मग काय. शिमग्याच्या आधी तुझ्या पनवेलजवळ विचुंब्याला भाचीकडं आलेली. तिथून रिक्षा करून तुझ्या बिल्डिंगखाली आली. तुझा तिसरा माळा, लिफ्ट बंद. जिन्याच्या दोन पायऱ्या चढली, गुडघा ऐकंना. आनि म्हटलं, तिला आपन नको असलो तर? म्हनून बाहेर येऊन वर बघितलं. गॅलरीत तुझा पिवळा गाऊन वाळत होता. ओला होता, पानी गळत होतं. म्हटलं, हाय. मग गेली मी."

 गाऊन मी सकाळी अकराला वाळत घालते आणि मग आत येऊन खुर्चीत बसते. ती खाली उन्हात मान वर करून उभी होती, तेव्हा मी आत बसून, तिनं माझ्या फोटोखाली आज तरी काही लिहिलंय का, तेच बघत असणार.