कडूकाकूंनी पाने नाकारली तेव्हा

गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या काकूंना सगळे कडूकाकू म्हणत. त्यात त्यांच्या स्वभावाचा काही दोष नव्हता, दोष होता त्यांच्या परसातल्या झाडांचा. तिथे कमरेएवढी वाढलेली, रुपेरी, कडूजहर पानांची आर्टिचोक या विलायती भाजीची झुडपे होती. शेंड्याला मुठीएवढी खवलेदार बोंडे यायची. पोट बिघडल्याची तक्रार घेऊन कोणी आले, की काकू त्याच्या हातावर पानाचा तुकडा ठेवत आणि म्हणत, "चाव." पुढचा चेहरा बघण्यासारखा असे.

काकूंनी एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात बावीस वर्षे हीच बोंडे सोलली होती. आतला कोवळा गाभा ताटात जाई, बाकी सगळे कचऱ्यात. हॉटेलच्या म्हाताऱ्या माळ्याने एकदा त्यांना सांगितले, की बोंड जिभेसाठी असते, औषध मात्र पानात असते. पानांच्या काढ्याने पित्तरस मोकळा वाहतो, तुपातेलाचे जेवण पचते, पोटाचा फुगारा उतरतो. पण पित्ताशयात खडे असतील त्याला ती देऊ नकोस, असेही त्याने बजावले होते. शेवंती-झेंडूने ज्याच्या अंगावर पुरळ उठते त्यालाही नाही, कारण हे झाड त्याच कुळातले. निवृत्तीनंतर काकूंनी रोपे लावली ती हे सगळे गाठीशी बांधूनच.

शेजारचे टेलरमास्तर दिवसभर मशीनवर वाकलेले असत आणि जेवल्यावर तासभर ढेकर देत. काकूंनी त्यांना रोज जेवणाआधी अर्धा कप काढा सुरू केला. दुसऱ्याच दिवशी मास्तर हजर. पोट तसेच जड आहे म्हणाले.

"पी हळद अन् हो गोरी, असं नसतं मास्तर. महिनाभर तोंड वाकडं करा, मग बोला."

महिन्याभराने ढेकर थांबले आणि मास्तरांचे तोंड सुटले. कंबरेचे माप घेता घेता ते प्रत्येक गिऱ्हाइकाला काकूंचा पत्ता देऊ लागले. फाटकाशी माणसे येऊ लागली. खरे सांगायचे तर काकूंना ते आवडत होते. माणसे वाढली तशी खड्यांबद्दलची विचारपूस कधी कधी राहून जाई.

एका सकाळी मास्तर थोरल्या बहिणीला घेऊन आले. आक्कांना चार दिवस उजव्या बरगडीखाली दुखत होते, अन्न नको झाले होते. मास्तरांनी घरून रिकामी बाटलीच आणली होती. काकूंनी आक्कांना खिडकीपाशी बसवले, खालची पापणी ओढून पाहिली आणि बाटली परत केली.

"आमच्याच माणसाला नाही का?" मास्तर दुखावले.

"डोळे पिवळे झालेत मास्तर. आता पानं नाहीत, डॉक्टर."

मास्तर कुरकुरत राहिले. काकूंनी पायात चपला सरकवल्या आणि स्वतःच टॅक्सी थांबवली. खड्यांचे न विचारता किती जणांना पाने दिली, हे त्या वाटभर मनातल्या मनात आठवत होत्या.

आक्कांच्या पित्तनळीत खडा अडकला होता, असे रुग्णालयात निघाले. दुसऱ्या दिवशी दुर्बिणीने तो काढला. डॉक्टरीणबाई मास्तरांना म्हणाल्या, की वाट तुंबलेली असताना पित्त वाढवणारा काढा पोटात गेला असता तर दुखणे भडकले असते, आणि त्यावर विसंबून राहिला असतात तर आणखी दिवस वाया गेले असते. मास्तर खाली बघून टेपची गुंडाळी करत राहिले.

घरी आल्यावर काकू आधी दारोदार फिरल्या. पाने नेलेल्या प्रत्येकाला राहिलेला प्रश्न विचारला. दोघांना तपासणीला धाडले. दोघेही ठणठणीत निघाले, तेव्हा कुठे त्यांना जेवण गेले.

बऱ्या झाल्यावर आक्का स्वस्थ बसणाऱ्या नव्हत्या. रोज दुपारी खुर्ची टाकून त्या काकूंच्या फाटकाशी बसू लागल्या. येणाऱ्याची पापणी ओढायची, खड्यांचे विचारायचे, मगच आत सोडायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी आपल्या भावाला तीनदा तपासले.