हंड्याखालचा क्राऊन

माझी नात नवी पिकअप घेतेय. परवा मोबाइलवर दोन गाड्यांचे ॲक्सल रेशो, म्हणजे कुठली जास्त पळेल नि कुठली जास्त ओढेल, ते ताडून बघत होती. मी डोकावले, तर म्हणाली, "आजी, हे तुला नाही कळायचं." ज्या विषयात मी नवऱ्याचं नाव घालवलं, तो मला कळत नाही म्हणे.

तेव्हा मी पंचविशीची होते आणि अक्कल नुसती उतू चालली होती. आमचा ट्रक हे स्वतः चालवायचे. मागच्या ॲक्सलमधला त्याचा क्राऊन, म्हणजे दातेरी लोखंडी कडं, असा, की गाडी रांगायची, पण ओढायला हत्ती. घाटात कुणाची भरलेली गाडी अडली, की ह्यांना निरोप यायचा. टोचन लावून हे ती वर नेऊन सोडायचे. चांदवडपर्यंत त्यांचं नाव होतं. पण नामपूरला माझ्या माहेरी निघालो, की टेम्पोसुद्धा आम्हाला मागे टाकायचे. राणीसाहेबांना ते झोंबायचं. आठ दिवस मी गाल फुगवून बसले, तेव्हा ह्यांनी पळणारा क्राऊन बसवून घेतला.

मिस्त्री म्हणाला, "वहिनी, सपाटीला पळेल. चढावर वजन नाही ओढणार."

"आम्हाला काय मोट ओढायचीय?" मी म्हणाले. केवढी ती हुशारी.

दोन महिन्यांनी माहेराहून रिकाम्या गाडीनं परतत होतो. चांदवडच्या अलीकडे घाटात माझ्या धाकट्या भावाचा ट्रक बंद पडलेला. विंचूरला निघालेला कांदा, फाटकी ताडपत्री आणि वर आभाळ भरून आलेलं. ह्यांनी टोचन लावलं. गाडी दोन हात सरकली आणि थांबली. तीनदा तेच. क्लचचा करपट वास सुटला.

"नाही ओढत, पाव्हणं."

"लोकांच्या बऱ्या ओढता, दाजी. माझ्याच वेळी गाडीला जपताय व्हय?"

ह्यांनी एकदा केबिनकडं, माझ्याकडं बघितलं. मी काय करत होते? पदर सारखा करत होते. 'माझ्या हट्टानं क्राऊन बदललाय' एवढंच सांगायचं होतं. हे खाली मान घालून दोर गुंडाळू लागले. बायकोच्या हट्टापुढं नमलो, हे मेव्हण्याला कसं सांगतील?

कांदा भिजला. भाऊ भाऊबीजेला यायचा बंद झाला. आठवड्याभरात ह्यांनी जुना क्राऊन परत बसवला आणि पळणारा घरात आणून हंड्याखाली ठेवला. ते लोखंडी कडं बुडाला असं बसलं, जणू मापानंच केलेलं. त्यावर ते कधी अवाक्षर बोलले नाहीत. पुढं तीस वर्षं मी त्या कड्यावर पाणी भरत राहिले.

ह्यांच्या दहाव्याला भाऊ आला. मी हंड्यातून तांब्या भरून दिला. घटाघटा प्यायला, तोंड पुसलं आणि चारचौघांत म्हणाला, "आक्का, गेलेल्या माणसाला बोलू नये. पण दाजी मनाचे कोते होते."

माझी जीभ एरवी गावाला ऐकत नाही. क्राऊन त्याच्या पायापासून हातभर अंतरावर होता. नुसतं बोट दाखवलं असतं तरी चाललं असतं.

"आणखी पाणी देऊ का?" मी विचारलं.