जाड धानाची पुरचुंडी

सकाळी मी पेपर उचलत होते. फाटकाशी शेजारची वनिता उभी होती, कवडूभाऊंची सून. "बाई, बाबा गेले जी," एवढंच म्हणाली... मी आधी चष्मा पुसला, का कोण जाणे. मुलांनो, त्याला आता दीड महिना झाला. सुट्टीत नागभीडला आलात की तुम्हाला गुडघाभर चिखलात रोवण्याला, म्हणजे भाताच्या लावणीला, उतरवणारे आजोबा, ते हे.

पावसाळ्यात ते स्वतःचं जाड धान पिकवत आणि कापणीनंतर गावाबाहेरच्या राइस मिलमध्ये कामाला जाऊन उकडा तांदूळ करत. धान भिजवायचं, वाफवायचं, वाळवायचं. वाफेतून काढलेला दाणा ते दाताखाली फोडून पाहत. पोटात पांढरा ठिपका दिसला की, "कच्चा हाये, अजून वाफ द्या." त्यावर मालकही बोलत नसे. हा तांदूळ बोटीनं आफ्रिकेत जाई. "बाई, माह्या बांधीतलं धान समुद्र पाहून आलं, अन् मी चंद्रपूरच्या पुढं गेलो नाई!" असं म्हणून हसत.

मग शहरांत तांदूळ महागला आणि सरकारनं परदेशी जाणाऱ्या उकड्या तांदळावर कर बसवला. धान अजून बांधीत, बांध घातलेल्या शेतात, उभं होतं. व्यापारी कापणीआधीच थोड्या कमी भावानं सौदा करायला दारात आला होता. कवडूभाऊ मिलमधला इंग्रजी पेपर घेऊन माझ्याकडे आले. "हा कर कोण भरते, बाई?" माझा जन्म इंग्रजी शिकवण्यात गेला. मी बातमी दोनदा वाचली आणि वर्गात सांगावं तसं सांगितलं, "निर्यात करणारा व्यापारी भरतो, भाऊ. तुमच्याकडून कोणी पैसाही घेणार नाही."

"मंग मले काय भेव?" म्हणाले, आणि सौदा नाकारला.

कापणीला व्यापाऱ्यानं तो कर धानाच्या भावातूनच कापला. सरकारी खरेदी केंद्रानं ठरलेल्या कोट्याएवढंच धान घेतलं, बाकीचं व्यापाऱ्यालाच द्यावं लागलं. "कोणी मांगाले आलं नाई, खरं हाये तुमचं," ते म्हणाले, "पण गेला तं माह्याच घरून." आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं...

पुढे मिलची भट्टी थंडावली. त्यांच्या मुलांनी बारीक धान लावलं. कवडूभाऊ मात्र दरसाल एका बांधीत जाड धान लावत, बियाणं जिवंत राहावं म्हणून. "गिराईक येईन तं बियाणं पायजे ना!" मुलगा चिडवी, "बाबा, तुमचं गिराईक बोटीतच झोपलं काय?"

एक दिवस कर उठल्याची बातमी आली. मी पेपर घेऊन अक्षरशः धावले. कवडूभाऊ बियाण्याची पुरचुंडी घेऊन मिलवर गेले. तिथल्या धान भिजवायच्या टाक्या कापून भंगारात गेल्या होत्या. मालक म्हणाला, परदेशातलं गिऱ्हाईक आता दुसऱ्याच देशाकडून घेतं. त्यांची घडी बसली, ते कशाला परत येतील?

परत येताना ते माझ्या ओसरीवर टेकले. मग पुरचुंडी माझ्याकडे दिली. "तुमच्या कपाटात राहू द्या. घरी रांधून टाकतीन." त्यानंतर त्यांनी जाड धान लावलं नाही.

पुरचुंडी अजून कपाटात आहे, मी तेव्हापासून जमवलेल्या करांच्या कात्रणांच्या फाइलशेजारी. धानाचं बियाणं इतका काळ उगवण्याजोगं राहत नाही, हे मला त्यांनीच सांगितलं होतं. यंदाचा रोवणा आटोपला. त्यांच्या त्या बांधीतही बारीक धान आहे.

काल मी गाठ सोडली. एक दाणा सोलून त्यांच्यासारखा दाताखाली फोडला. पोटात पांढरा ठिपका होता. "कच्चा हाये," ते म्हणाले असते. मी गाठ पुन्हा बांधली आणि पुरचुंडी होती तिथे ठेवली.