भाऊंची चौदा वाक्यं

ईशान, मीरा,

हे मी तुमच्या आजोबांनाही सांगितलं नाही. ते गेले, तरी माझ्या तोंडून निघालं नाही. आणि ज्यांना सांगायला हवं होतं, त्यांना तर — नाहीच.

माझ्या कपाटात प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली असते, यावरून तुम्ही मला चिडवता. तर सर्वांत खालच्या कप्प्यात, साड्यांच्या मागे, खाकी कागदात बांधलेली एक वही आहे. ती तिथे का आहे, हे आज सांगते.

ईशान, तू पणजोबांवर छोटा चित्रपट करतो आहेस. पटकथा पाठवलीस, ती मी हातात लाल पेन न घेता वाचली — माझ्यासारखीला हे सोपं नाही! विस्मृतीत गेलेला नट पुष्कळ वर्षांनी पुन्हा रंगमंचावर येतो आणि ऐन भाषणात विसरतो. प्रसंग उत्तम उतरला आहे. तो तुला बाबाने सांगितला, बाबाला गावाने. आणि गावाला? — थांब. क्रमाने सांगू दे.

भाऊ म्हणजे माझे सासरे. जत्रेच्या नाटकात भाऊ आहेत म्हटलं की वाळपईहून माणसं पेडण्याला यायची. मी लग्न होऊन आले तेव्हा ते दिवस सरले होते. तरी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिरच्या विकणारी एक म्हातारी त्यांना पाहून तराजू खाली ठेवी आणि त्यांचंच एखादं वाक्य त्यांना म्हणून दाखवी. मी पिशवी धरून बाजूला उभी. इंग्रजीची शिक्षिका, नटाची सून. लाज वाटायची का? तेव्हा थोडी. अभिमान पुष्कळ. आज लाज उरलेली नाही, अभिमान आहे तेवढाच आहे.

गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला, ते वर्ष. त्याआधी मराठी की कोंकणी यावरून आमच्या वाड्यावर शेजारी शेजाऱ्याशी बोलेनासा झाला होता. भाऊ घरात कोंकणी बोलत आणि रंगमंचावर मराठी. त्यात भांडण्यासारखं काय आहे, हे त्यांना कधी कळलं नाही. सगळ्यांना पुन्हा एका मांडवाखाली आणायचं म्हणून नाट्यमंडळाने जत्रेला जुनं ऐतिहासिक नाटक ठरवलं. वृद्ध सरदार — भाऊ. वय चौऱ्याहत्तर.

नाटकाची मूळ वही जीर्ण झाली होती. अक्षर चांगलं म्हणून नव्या प्रती करायचं काम माझ्याकडे आलं. संपूर्ण नाटकाची एक प्रत प्रॉम्प्टरला आणि ज्याच्या त्याच्या संवादांची वेगळी प्रत त्या त्या नटाला — तिला नक्कल म्हणतात. तिसऱ्या अंकात सरदार मुलाला लढाईवर धाडतो, ते भाषण चौदा वाक्यांचं. दोन्ही प्रतींत मी चार ठेवली. पहिली तीन आणि शेवटचं.

का? मंडळाला म्हटलं असतं, वेळ वाचेल. खरं कारण वेगळं. ते विसरतील आणि लोक आमच्या घराला हसतील, अशी मला भीती होती. त्यांना विचारावं असं मनातही आलं नाही. मुलांचे निबंध कापायची सवय झाली की माणूस विचारतो का?

भाऊंनी नक्कल उघडलीच नाही. "माका नक्कल कित्याक गो? बायलेचें नांव विसरतलों, पूण हें ना!" आतून सासूबाई म्हणाल्या, "विसरात तर पळोवया!" — बायकोचं नाव विसरून तर बघा! आणि तालमीत जुने नट पूर्ण भाषण म्हणत नसत. पहिलं वाक्य, मग शेवटचं, की पुढच्याने सुरू करायचं. त्यामुळे मी काय केलं, ते कुणालाच कळलं नाही.

नाटकाच्या दिवशी मी पुढच्या रांगेत होते. भाऊंनी तीन वाक्यं म्हटली — आणि चौथं. मी कापलेलं. मग पाचवं. त्यांचा आवाज मांडवाच्या शेवटच्या खांबापर्यंत पोचत होता. विंगेत वसंत, आमचा प्रॉम्प्टर, माझी प्रत घेऊन बसलेला. त्याला वाटलं, म्हातारा भरकटला. तो शेवटचं वाक्य सांगू लागला. हळू, मग मोठ्याने, मग सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. मागून कुणी तरी ओरडलं, "आजो विसरलो रे!" हशा झाला. अकराव्या वाक्यानंतर भाऊ थांबले. विंगेकडे पाहिलं. आणि वसंताने दिलेलं वाक्य निमूट म्हटलं.

मला उठता आलं असतं. मी पदर सारखा करत बसले.

घरी आल्यावर म्हणाले, "सुमती, माका दिसलें, हांव बरोबर उलयतां. चुकलों न्हय गो?" त्यांना वाटलं होतं, आपण बरोबर बोलतो आहोत.

मी म्हटलं, "पिरायेर जाता तशें, भाऊ." वयात होतं असं.

दुसऱ्या दिवशी वसंत आला. "बाई, ती जुनी वही मात्शी पळोवया?" मी म्हटलं, वाळवी लागली होती, जाळली. भाऊ सोप्यावर बसले होते. "बरें जालें," एवढंच म्हणाले. वसंत जाताना म्हणाला, "प्रती मात फाइन केल्यात हां, बाई." मी मान डोलावली.

त्यानंतर भाऊंनी स्वतःवरचा विश्वास सोडला. औषध घेतलं का, दार लावलं का, दहादा विचारत. वीस नाटकं पाठ असलेला माणूस आरतीला पुस्तक हातात धरू लागला. मी त्यांना ते पान उघडून देत असे. ते जाईपर्यंत, तीन वर्षं — पान उघडून दिलं, पण वही नाही.

वसंत आला त्याच दुपारी मी खोलीला कडी घालून वही उघडली होती आणि भाऊंनी म्हटलेलं एकेक वाक्य ताडून पाहिलं होतं. शब्द सोडा, एक काना इकडचा तिकडे झाला नव्हता. बत्तीस वर्षं मी पेपर तपासले; इतका निर्दोष एकही हाती आला नाही.

ते विसरले नव्हते. मी त्यांना विसराळू ठरवलं आणि तसंच मरू दिलं.

वही या पत्रासोबत पाठवते आहे. तिसऱ्या अंकात खुणेसाठी माझी जुनी फूटपट्टी आहे. ती जिथे आहे, तिथून बारावं वाक्य सुरू होतं.

— आजी