‘होईल बरं’ म्हणायचं नाही!

किस्से घडत असतात तेव्हा ते किस्से नसतातच हो! तेव्हा नुसती धावाधाव असते. मग कधीतरी मी आणि समीर कुणाच्या तरी लग्नात भेटतो, पंगतीत "अगं, ती जाळीवाली गाय आठवते?" असं सुरू होतं आणि शेजारची मंडळी ताट उचलून दुसरीकडे जाऊन बसतात. आमच्या किश्शांत शेणाचं प्रमाण जरा जास्त असतं, त्याला आमचा इलाज नाही.

आम्ही दोघं जनावरांचे डॉक्टर. पदवीनंतरच्या शिक्षणातलं क्लिनिकल ट्रेनिंग आम्ही रेवदंड्याजवळच्या एका दवाखान्यात केलं. गाई, म्हशी, बैल, घोडे, सगळं मोठंच. तिथल्या मुख्य डॉक्टर म्हणजे ठाकूर मॅडम. औषधांच्या लोखंडी पेटीची चावी त्या गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात घालायच्या. ट्रेनिंग संपेपर्यंत ज्याच्या हातात ती चावी पडेल, तो एकट्याने केसवर जाऊ शकतो, असा तिथला रिवाज. सर्टिफिकेट काय, सगळ्यांनाच मिळतं. मला ती चावी हवी होती.

अडचण एकच. मला सगळ्याची भीती वाटायची!

*

पहिल्याच दिवशी मॅडमनी विचारलं, "भीती कशाकशाची वाटते?"

समीर छाती काढून म्हणाला, "कशाचीच नाही, मॅडम."

मला खोटं बोलायचीही भीती वाटत होती. मी सांगत सुटले. लाथेची, शिंगाची, चुकीच्या डोसची, जनावराचा मालक रडायला लागला तर त्याची, आणि थोडी तुमचीही.

मॅडमनी चष्म्यावरून आमच्याकडे पाहिलं. "देशमाने, तू आत ये. समीर, तू भीती वाटेपर्यंत बाहेर बस!"

*

मॅडमचा एक कायदा म्हणजे मालकाला ‘होईल बरं’ म्हणायचं नाही. जनावराने आपल्याला तसं काही कबूल केलेलं नसतं, असं त्यांचं म्हणणं. म्हणायचं फक्त ‘बघू’.

आमच्या जीपचे ड्रायव्हर म्हात्रेकाका यांना हा कायदा लागू नव्हता. ते जनावराकडे एक नजर टाकून मालकाच्या तोंडावरच निकाल द्यायचे, "हा न्हाय वाचायचा." जनावर वाचलं की म्हणायचे, "यंदा वाचला!"

*

एकदा काशीदच्या किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवणारा एक घोडा पोटदुखीने लोळायला लागला. घोड्याची पोटदुखी म्हणजे गंमत नाही. आतडं अडलं तर सकाळी धावणारा घोडा दिवस मावळेपर्यंत राहत नाही. मालक सलीमचाचा वाळूत बसून दुवा मागत होते. आम्ही नाकातून नळी घातली, तेल दिलं, इंजेक्शनं दिली. मग उरलं एकच काम. घोडा लीद टाकतोय का, याची वाट बघायची!

मॅडम, समीर, मी, चाचा, म्हात्रेकाका आणि पुण्याहून आलेली एक अख्खी फॅमिली, सगळे घोड्याच्या शेपटीकडे डोळे लावून उभे. संध्याकाळपर्यंत काही नाही. म्हात्रेकाकांनी निकाल दिला. रात्रभर मी या कुशीवरून त्या कुशीवर.

सकाळी फोन वाजला. चाचांनी फोटो पाठवला होता. ताजी, गरम, वाफाळती लीद! खाली लिहिलेलं, ‘मुबारक हो डॉक्टर!’ माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. मी तो फोटो पुन्हा पुन्हा बघत बसले.

त्याच सुमारास आई चार दिवस राहायला आली होती. माझ्यासाठी स्थळं बघणं जोरात चालू होतं तिचं. पोरगी फोन बघून रडतेय, हसतेय, हे बघून तिने मागून येऊन झडप घातली, "दाखव, कोण आहे तो?"

त्यानंतर तिने बराच काळ स्थळाचा विषय काढला नाही!

*

जाळीवाली गाय होती कांबळे गुरुजींची. गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेले. गाय चारा खाईना, पोट फुगलेलं, आत काहीतरी अडकलेलं. मॅडम म्हणाल्या, पोट उघडावं लागेल. गुरुजी माझ्यामागे लागले, "डॉक्टर, नक्की सांगा. पास की नापास?"

"बघू, गुरुजी."

"निदान टक्के तरी सांगा!"

समुद्राकाठची गुरं काय खातील याचा नेम नाही. गाय उभीच होती, फक्त कुशीपुरती भूल दिलेली. मॅडमनी चीर घेतली, मी पोटात कोपरापर्यंत हात घातला आणि ओढायला लागले. नायलॉनची मासेमारीची जाळी! ओढतेय तरी संपेना. जपूनच ओढावं लागत होतं, कारण आत कुठे अडकून पोटाचं अस्तर फाटलं तर गाय संपली. अंगणात अख्खी आळी जमली होती. शेवटचं टोक सुटून बाहेर आलं तेव्हा कुठे मी श्वास सोडला.

गर्दीतून एक कोळीणबाई पुढे आल्या. वाकून पाहिलं आणि किंचाळल्या, "अगो बाय, ही तं आमचीच जाली! वालत घातलेली, तवापासून शोधतंय मी!"

कुणी काही बोलायच्या आत त्यांनी पदर खोचला, "जरा धुवून द्या."

तिसऱ्या दिवशी गुरुजींचा फोन आला. पलीकडून नुसता रवंथाचा आवाज! मग गुरुजी गहिवरून म्हणाले, "फर्स्ट क्लास!"

*

आता आमची बेअब्रू. म्हशीच्या गर्भाशयाला कधी कधी पीळ पडतो. रेडकाची वाट बंद होते. मग पीळ ज्या बाजूला, त्या बाजूवर म्हशीला आडवी करायची, पोटावर फळी ठेवायची आणि त्याच दिशेने तिला लोळवायची, म्हणजे पीळ सुटतो. उलट लोळवली तर आणखी आवळतो आणि दोन्ही जीव जातात. म्हणजे सगळं येऊन ठेपतं डाव्या-उजव्यावर.

आम्ही दोघांनी तपासून पीळ उजवीकडे असल्याचं सांगितलं. बरोबर होतं. मग समीर शेपटीकडे उभा राहिला, मी डोक्याकडे. दोरखंड धरून गावातले गडी तयार. समीर ओरडला, "उजवीकडे!" मी ओरडले, "डावीकडे!"

समोरासमोर उभे असल्याने त्याची उजवी ती माझी डावी, म्हणजे दोघांचंही खरं होतं! पण अर्धे गडी इकडे ओढतायत, अर्धे तिकडे, आणि मधे म्हैस आमच्याकडे अशा नजरेने बघतेय की काय सांगू.

मॅडमनी सगळ्यांना थांबवलं. "आता म्हशीलाच विचारा, तिची उजवी कुठली ते!"

म्हैस शेवटी मॅडमनीच सोडवली आणि त्या दिवसापासून नवा नियम झाला. बाजू तोंडाने बोलायचीच नाही. ज्या बाजूला पीळ, त्या बाजूच्या शिंगाला बँडेजची पट्टी बांधायची. मी तर खोलीवर उशीच्या टोकाला पट्टी बांधून उशी लोळवायचे. चावीचं स्वप्न मात्र मनातल्या मनात सोडून दिलं होतं.

*

ट्रेनिंग संपत आलं होतं. मॅडम घराच्या पायरीवरून घसरल्या आणि उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. आयुष्यभर गाईम्हशींच्या लाथा चुकवल्या आणि पायरीने घात केला, म्हणून त्या आधीच चिडलेल्या. त्यात एका सकाळी त्यांना फोन आला. त्या ऐकत राहिल्या आणि हळूहळू खालीच बसल्या. दिघीच्या पलीकडे त्यांचं माहेर. आईची म्हैस व्यायला अडली होती.

समीर दुसऱ्या डॉक्टरांबरोबर शर्यतीच्या बैलाला टाके घालायला गेलेला. जीपमध्ये मॅडम, म्हात्रेकाका आणि मी. आगरदांड्याला फेरीत जीप चढवली. खाडी ओलांडेपर्यंत कुणी निकाल दिला नाही. म्हात्रेकाकांनीसुद्धा नाही! त्यानेच माझी जास्त घाबरगुंडी उडाली.

मॅडमची आई गोठ्याच्या दाराशी बसून होती. "बाय, ती माजी लेकच हाय गो," एवढंच म्हणाली. मी हात धुतले, तेल लावलं, आत हात घातला. पीळ होता. डोळे मिटून पुन्हा पुन्हा चाचपला. मग उजव्या शिंगाला पट्टी बांधली.

डोक्याकडे उभ्या असलेल्या मॅडम म्हणाल्या, "डावीकडे ना गं?"

ज्यांनी नियम केला, त्याच! मी काही न बोलता पट्टीकडे बोट दाखवलं. मॅडमनी मान खाली घातली.

फळी ठेवली. लोळवलं. हात घातला, पीळ तसाच. पुन्हा लोळवलं. पुन्हा तसाच. तिसऱ्यांदा लोळवलं आणि हाताखाली काहीतरी सैल झालं, मग भसकन पाणी आलं. रेडकाचे पाय हाताला लागले. ओढलं. रेडी बाहेर आली ती निपचित. नाकात गवताची काडी घातली, छाती चोळली. तिने शिंक दिली तेव्हा मॅडमची आई रडायला लागली.

पण म्हैस उठेना. मान टाकून पडलेली. सलाइन लावलं, कॅल्शियम दिलं. मॅडम गोठ्यात येरझारा घालत होत्या. अखेर माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "होईल ना गं बरं?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "बघू, मॅडम."

त्यांनी डाव्या हाताने गळ्यातला दोरा काढला आणि चावी माझ्या हातावर ठेवली. "तू थांब इथे. मी जाते. माझ्याच्याने हे बघवत नाही. जीप परत पाठवते." आणि खरंच निघून गेल्या!

मी, मॅडमची आई, रेडी आणि न उठणारी म्हैस. एका हातात सलाइनची बाटली, दुसऱ्या हातात चावी घट्ट धरलेली. ऊन उतरायला लागलं तशी म्हशीने मान उचलली. मग मागचे पाय झाडले, धडपडली, पुन्हा बसली. आणि एकदम उभी राहून रेडीला चाटायला लागली.

मी फोन लावला. पहिल्या रिंगलाच उचलला गेला.

"मॅडम, उठली!"

पलीकडून फेरीचा भोंगा ऐकू आला.

"मॅडम, तुम्ही अजून दिघीच्या जेट्टीवरच?"

नाक ओढल्याचा आवाज आला. "फेरी चुकली गं."

मागून म्हात्रेकाका ओरडले, "चुकली कसली! मगाधरनं एकेक सोडतायत!"