डावं चाक

“आधी ऐका, मग उघडा,” पंढरीकाका म्हणायचे.

डोंबिवलीतल्या आमच्या रुग्णसाहित्य केंद्रातून लोक व्हीलचेअर, वॉकर, हवेच्या गाद्या घरी नेतात आणि काम संपलं की परत आणतात. बरं होऊन परत आणणारे थोडे. पूर्वी परत आलेल्या वस्तू कोपऱ्यात गंजत पडायच्या आणि माणसं वाट बघत राहायची. कारखान्याच्या मेंटेनन्समधून निवृत्त झालेले काका आले आणि त्यांनी पद्धत घालून दिली. आधी धुवायचं. मग रिकामी खुर्ची फरशीवरून फिरवायची. जिथून आवाज येईल तेवढंच उघडायचं. सुटा भाग लागला तर मोडीत काढलेल्या खुर्चीचा. आली त्याच दिवशी खुर्ची पुढच्या घरी. चाकाला कान लावलेल्या काकांना केंद्र सांभाळणारी कल्पिता चिडवायची, “काका, नाडी लागतेय का?”

त्यांच्या घरीही केंद्राचीच खुर्ची होती, कलावतीकाकूंचे पाय गेल्यापासून. तिचं डावं चाक कुरकुरायचं आणि काका त्याला तेल घालत नव्हते. कल्पिताने एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, “ती हाक मारत नाही गं. चाकावरून कळतं, ओट्याशी आहे की गॅलरीत.”

काकू गेल्या. दिवसकार्य झाल्यावर काका स्वतःच खुर्ची ढकलत केंद्रात आले. शीळफाट्याचा यज्ञेश तिथे बसला होता. वडिलांना हॉस्पिटलमधून घरी आणायचं होतं आणि दुसरी खुर्ची शिल्लक नव्हती. कल्पिता काकांना हळूच म्हणाली, ही राहू दे, त्याला दुसरीकडे विचारायला सांगते. काका नको म्हणाले.

त्यांनी खुर्ची धुतली. खुर्चीच्या हाताच्या खाचेत कणीक वाळली होती, ती नखाने काढली. मग खुर्ची फरशीवरून फिरवली. या टोकाला, परत त्या टोकाला. कुरकुर कुठून येते हे त्यांना कधीचंच माहीत होतं, तरी ते फिरवत राहिले. शेवटी त्यांनी चाक काढलं, बेअरिंग पुसलं, तेल सोडलं, चाक परत बसवलं.

“आता ढकल,” ते कल्पिताला म्हणाले आणि डोळे मिटून उभे राहिले.

तिने ढकलली. खुर्ची समोरच्या भिंतीपर्यंत गेली. काका तसेच उभे, कान देऊन.

“काका, पोचली,” कल्पिता म्हणाली.

त्यांनी डोळे उघडले. तेलाची बाटली फळीवर ठेवली, दाराशी जाऊन चपला घातल्या आणि बाहेर पडले.