घरी आलेला वाटा

प्रभुभोजनाच्या वेळी मेजाजवळ शेवटी कुणी जायचं, हे आमच्या ख्रिस्ती मंडळीत कुठं लिहिलेलं नव्हतं, कुणी सांगतही नव्हतं. तरी सगळ्यांना ठाऊक होतं. महारवाड्यातून ख्रिस्ती झालेली घरं आधी उठत, मग आम्ही मांगवाड्यातले. द्राक्षरसाचा प्याला एकच. तो त्यांच्या ओठांवरून आमच्याकडं यायचा, आमच्याकडून त्यांच्याकडं कधीच नाही. बाप्तिस्म्यात आमचं जुनं सगळं धुऊन निघालं असं सांगितलं होतं, एवढं मात्र राहून गेलं. गावात दोन्ही वाडे वेशीबाहेरच होते. हे आठवलं की मला अजून हसू येतं, आणि ते हसू काही चांगलं नसतं.

निजामाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. आम्ही औरंगाबादेत छावणीच्या बाजारामागं एका खोलीत राहायचो. आमचे हे मिशनचे उपदेशक. शेंद्र्याकडच्या गावांतून पायी हिंडायचे, झाडाखाली बसून शास्त्र वाचून दाखवायचे. पहिल्या ख्रिस्ती लोकांचं त्यांना भारी वेड. त्या लोकांना देऊळ नव्हतं, घंटा नव्हती, बाकं नव्हती. कुणाच्या तरी घरी जमायचे आणि धनी अन् गुलाम एकाच भाकरीतला तुकडा मोडून खायचे. प्रभू आज येईल का उद्या, अशी वाट बघत जगायचे. आजाऱ्याला येता आलं नाही तर त्याचा वाटा मेजावरून उचलून त्याच्या घरी पोचवायचे. हे ते परत परत सांगायचे. मी भाकरी थापता थापता म्हणायची, "आणि आपल्याकडं?" तर हसायचे. म्हणायचे, "अगं, त्यांच्यातबी मोठी माणसं आधी जेवून घ्यायची अन् गरीब उपाशी राहायचे. त्यावरून प्रेषितांना खरमरीत पत्रं लिहावी लागली. आपण पहिल्या मंडळीसारखेच आहोत, फक्त नको त्या बाबतीत."

घरातलं हे बोलणं त्यांनी एकदा सभेत काढलं. प्याला सगळ्यांनी जसे बसलो तसा घ्यावा, एवढंच म्हणाले. मंडळीचे मोठे पंच होते, त्यांना आम्ही सगळे दादा म्हणायचो. ते उठून उभे राहिले. "उपदेशक, शास्त्र आम्हालाबी कळतं. पण आमच्या बाया तुमच्या मागून प्याला घ्यायच्या नायत. मंडळी फुटंल. चालंल तुम्हाला?" मंडळीचे धर्मगुरू, पाळकसाहेब, म्हणाले, हळूहळू होईल. हळूहळू काय झालं, तर यांचा खोकला वाढला.

क्षयच होता. हिवाळ्यात अंथरूण धरलं ते सुटलं नाही. पुनरुत्थानाचा रविवार, ईस्टरचा सण, जवळ आला तसा त्यांनी एकच धोसरा लावला. माझा वाटा मेजावरून घरी आणवा. औषध मागितलं नाही, गावाकडं न्या म्हणाले नाहीत. मरण्याआधी मंडळीच्या प्याल्यातला आपला घोट हवा होता, बस्स. मी पाळकसाहेबांकडं गेले. साहेब भला माणूस, पण दादांना विचारल्याशिवाय दिवा लावायचा नाही. दादा म्हणाले, खोकल्याचं माणूस, त्याच्या मागून तो प्याला तोंडाला कोण लावंल? दादांच्या आईला हाच खोकला होता. तिच्यासाठी प्याला घरी नेला होता आणि उरलेलं आम्ही सगळे प्यालो होतो, मीसुद्धा. हे मी तिथंच तोंडावर बोलले. दादा भिंतीकडं बघत राहिले.

पाळकसाहेबांनी वाट काढली. "बाई, तुमच्या घरची एक वाटी द्या. त्यात ओतून आणतो. प्रभू काही वाटी बघत नाही."

"प्रभू बघत नाही, मग तुम्ही का बघता?" मी म्हणाले. पण वाटी द्यायचं मनात धरूनच घरी आले. जाणाऱ्या माणसाची इच्छा होती, कशी का होईना पुरी व्हावी.

यांनी ऐकलं आणि मान हलवली. "वाटी नको."

"घ्या की वो! हट्टापायी रिकामंच जाणार का?"

"गावात आपल्यासाठी करवंटी असायची कोनाड्यात," ते दम लागत लागत म्हणाले. "तीत पाणी प्यालो. परत करवंटीच घ्यायची, तर मग देव कशाला बदलला गं?"

मला त्यांचा राग आला. पंचांचा आला, साहेबांचा आला, आणि सगळ्यांत जास्त प्रभूचा आला. रविवारी सकाळी देवळाची घंटा वाजली, मंडळीतली माणसं पांढरे कपडे घालून आमच्या दारावरून गेली, सलाम करून गेली. हे दाराकडं तोंड करून पडले होते. गाणी संपली, माणसं परतली, दुपार झाली. कुणी आलं नाही. मी मनात प्रभूला म्हणाले, तू उठलास थडग्यातून, बरं झालं. आमच्या काय कामाचं?

उन्हं कलली तेव्हा शेजारची मुसलमान बाई आली, तिला आम्ही खाला, म्हणजे मावशी, म्हणायचो. तिच्या नवऱ्याची बाजारात नान-रोटीची भट्टी होती. आमचा सण, आमचं मेज, यातलं तिला काही म्हणता काही माहीत नव्हतं. तिच्या माहेराहून, दौलताबादेहून, द्राक्षं आली होती. आजारी माणसाला म्हणून तिनं रस काढून कटोऱ्यात आणला होता आणि भट्टीवरचा गरम नान फडक्यात गुंडाळला होता. बसली, आणि आधी स्वतः एक घोट घेतला. "खट्टा तो नै, देखी मैं," म्हणाली, आणि मग आपलं उष्टं झालं हे ध्यानात येऊन थबकली. "मेरा झूटा है बाबा, चलेगा ना?"

हे उठून बसले. कितीतरी दिवसांत आपले आपण बसले नव्हते. नान हातात घेतला, मोडला, एक तुकडा तिला दिला, एक मला. मग कटोरा दोन्ही हातांनी धरून प्याले आणि माझ्यापुढं केला. मी प्याले. तळाशी थोडं राहिलं होतं. मी ते टाकायला उठले, तर खालानं कटोरा माझ्या हातातून घेतला. "अल्ला की नेमत है, फेंकते नै," म्हणाली आणि पिऊन टाकलं. यांच्यानंतर, माझ्यानंतर. पदरानं तोंड पुसलं आणि भट्टीवर नान भाजणाऱ्या नवऱ्याला दोन शिव्या घालत निघून गेली.

"वाटा आला गं घरी," हे म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते हसत होते. तो आठवडा सरायच्या आत गेले.

पुढं कुणी म्हणालं, मुसलमान बाईच्या हातचा रस, त्याला प्रभुभोजन कसं म्हणायचं? मी वाद घातला नाही. शास्त्र जाणणारे जाणोत. माझ्या माणसाचं तोंड मी पाहिलं आहे. मातीला मात्र अख्खी मंडळी आली, दादांनी पुढचा खांदा दिला. मेलेल्याचा विटाळ नव्हता, बघा.

काही वर्षांनी दादांनाही तोच खोकला लागला. प्रभुभोजनाच्या दिवशी पाळकसाहेबांनी विचारलं, दादांचा वाटा घेऊन माझ्याबरोबर कोण येईल आणि त्यांच्यामागून प्याला कोण घेईल? सगळी मंडळी खाली बघत बसली. त्यांची स्वतःची माणसंसुद्धा. मला मनातून गारगार वाटलं, खोटं कशाला बोलू. बस म्हणावं आता. आणि तेवढ्यात मला खालाचा पदर दिसला, तोंड पुसताना. मी शेवटच्या बाकावरून उठले. प्रेमानं उठले असं कुणी समजू नये. उठावं लागलं.

दादा प्याले. त्यांच्यामागून मी प्याले, त्यांच्या डोळ्यांत बघत. त्यांनी दोन्ही हात जोडले. निघताना मला ठसका लागला म्हणून मी पाणी मागितलं. त्यांच्या बायकोनं तांब्या आणला, आणि सवयीनं, अगदी सवयीनं, उंच धरला. मी तिच्याकडं पाहिलं. मग ओंजळ केली आणि प्याले. मागं दादा भिंतीकडं तोंड करून रडत होते.

पहिल्या ख्रिस्ती लोकांकडून आपण काय घ्यायचं, असं मला मंडळीतल्या पोरी आता विचारतात. मी सांगते, वाटा पोचवायचा. समोरच्याचं मन बदलेल का, ते आपल्या हातात नाही; ते प्रभूवर सोडायचं. खालाच्या रूपानं तो एकदा माझ्या दारात आला, त्याचे उपकार मी विसरणार नाही. रोज प्रार्थनेत म्हणते, प्रभू, तुझ्या मनासारखं होऊ दे. म्हणताना दात अजून आवळलेले असतात. तरी म्हणते.